समुद्राचं सुतक

रातू गेले, गावाचे प्रमुख,
त्या सकाळी इसिमेलीनं खाडीच्या तोंडाशी
तिवराचा एक सोट रोवला.
त्याला बांधलं रातूंच्याच चटईचं फाटकं टोक.
इथून त्या काळ्या खडकापर्यंत
शंभर रात्री
गळ नाही, जाळं नाही, भाला नाही.
तिसऱ्यासुद्धा उकरायच्या नाहीत.

आमच्याकडे मोठा माणूस गेला
की सुतक समुद्राला.

पहिले आठ दिवस सगळे गुणी.
नवव्या दिवशी मी,
लाटेपासून पन्नास पावलांवर राहणारी,
दुकानातून उधारीवर
डब्यातला मासा आणला.
लेबलवर फिजीचा झेंडा, मासा कुठला कोण जाणे.
उघडताना अंगठा कापला.
धाकट्यानं डब्यात वाकून विचारलं,
आई, याचे डोळे कुठायत?

खोटं कशाला बोलू,
समुद्र सुतकाआधीच रिकामा होता.
समुद्रकाकड्या गेल्या सुव्याच्या व्यापाऱ्याच्या ट्रकातून.
त्या पैशात छपरावर पत्रे आले, होडीला इंजिन आलं,
दोन वर्षांत इंजिन गंजलं.
मग टॉर्च घेऊन
झोपलेले पोपटमासे वेचले, ते आम्हीच.
वीतभराचे गोबरे मी स्वतः विकलेत
बसथांब्यावर, सुतळीत ओवून,
वर एक मोठा
आणि खाली सगळी पिल्लं.

माकेलेसी म्हातारीला ना मळा, ना मुलगा.
तिची चूल ओहोटीवर पेटायची.
एका पहाटे ती दिसली सोटापलीकडे,
गुडघाभर पाण्यात, टोपली रिकामी,
नुसती उभी.
इसिमेली ओरडला नाही.
दुसऱ्या दिवसापासून घरटी एक कसाव्याचा कंद
तिच्या पायरीवर.
पाळ्या तिनंच लावल्या,
आणि किडका निघाला
तर परत पाठवला.

शंभरावी रात्र सरली, सोट उपटला.
देवा, ते पाणी!
बोयटांच्या झुंडी अंगावरून जात होत्या,
मासे घाबरायचं विसरले होते.
एकानं माझ्या घोट्याला नाक लावलं,
हे कोण, असं.

दोन दिवसांत आम्ही त्यांना
पुन्हा सगळं शिकवलं.
तिसऱ्या संध्याकाळी मी डबा उघडला.

सभेत यांगोनाची करवंटी फिरत राहिली,
कुणी बोलेना.
मागून, बायकांतून, माकेलेसी म्हणाली,
आता कोण मरायची वाट बघताय?
मी आहे तयार, वय झालंय.
पण मी पडले भिकारीण,
माझ्यासाठी तुम्ही डबकंही बंद करणार नाही.
सगळे हसले.
मग बराच वेळ कुणीच हसलं नाही.

सकाळी तोच सोट, तीच जागा.
कुणी मेलं नव्हतं.
चटईचं टोक नव्हतं,
म्हणून माझ्या जुन्या लुंगीची चिंधी बांधली.
किती रात्री, ते कुणी बोललं नाही.
बाहेरच्या खडकावर फक्त गळ चालेल असं ठरलं,
आणि ज्याची होडी नाही त्याला
होडीवाल्यानं न्यायचं, फुकट.
होडीवाले अजून कुरकुरतात.
शेजारच्या गावचे रात्री दिवे विझवून येतात,
इसिमेली शंख घेऊन बसतो
आणि बहुतेक वेळा झोपतो.

काल माझ्या गळाला गोबरा लागला,
सोटाच्या अलीकडे, म्हणजे माझाच.
हातभर लांब, लालसर, ठिपक्यांचा.
पोट दाबून बघितलं.
अंडी.
गळ काढायला वेळ लागला,
त्याहून जास्त वेळ तो हातात ठेवायला लागला.

घरी सांगितलं, काही नाही लागलं.
धाकटा उठला, फळीवरून डबा काढला.
हल्ली त्याला
अंगठा न कापता उघडता येतो.